सावित्रीच्या खोऱ्यातील हौशी निशाचर

घरातली वीज दहा मिनिटे गेली तरी वीज कंपनीच्या नावाने बोटे मोडणारा पुण्या-मुंबईचा मध्यमवर्ग जेव्हा केवळ अंधार पाहायला मिळावा म्हणून शनिवारी दुपारी गाडी काढतो आणि दीडशे किलोमीटरचा प्रवास करून महाड-पोलादपूरच्या बाजूला उतरतो, तेव्हा त्या घटनेला आकाशदर्शन सहल असे म्हणतात. अशा सहलीत कॅमेऱ्यांची संख्या माणसांच्या संख्येहून अधिक झाली की तिला नभोछायाचित्रण मोहीम अशी बढती मिळते. परंतु दोहोंतले खाद्यपदार्थ, वादविवाद आणि परतीच्या वाटेवरची झोप ही सारखीच असल्यामुळे प्रस्तुत विवेचनात त्यांचा एकत्रच विचार केला आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून हौशी खगोलप्रेमींना एकत्र आणत आली आहे, आणि मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीला रात्र-रात्रभर चालणारे आकाशदर्शनाचे कार्यक्रम वर्षानुवर्षे घेतले आहेत. त्या कार्यक्रमांत नकाशा असतो, वेळापत्रक असते आणि प्रश्नाचे बरोबर उत्तर देणारा जाणकार असतो, त्यामुळे विनोदी लेखनाच्या दृष्टीने ते अगदीच निरुपयोगी ठरतात. येथे विचार करायचा आहे तो मित्रमंडळींच्या स्वयंस्फूर्त सहलीचा, जिच्यात जाणकार म्हणजे सर्वांत महागडी दुर्बीण विकत घेतलेला मित्र असतो.

स्थळनिवडीची अधिकृत कसोटी बॉर्टल श्रेणी ही असते. जॉन बॉर्टल या अमेरिकी हौशी निरीक्षकाने २००१ साली रात्रीच्या आकाशाच्या काळोखाचे नऊ वर्ग मांडले; पहिल्या वर्गात आकाशगंगेच्या उजेडाने जमिनीवर अंधूक सावली पडते, आणि नवव्या वर्गात, म्हणजे महानगराच्या मध्यभागी, चंद्र, ग्रह आणि मोजके ठळक तारे सोडले तर वर पाहण्याजोगे काही उरत नाही. संयोजक या श्रेणीचा रंगीत नकाशा मोबाइलवर सर्वांना दाखवतो, त्यातल्या निळ्या-हिरव्या पट्ट्यांवर गांभीर्याने चर्चा होते, आणि शेवटी ज्या गावात कोणा एकाच्या मामाचे घर असते ते गाव ठरते. लालबाग-परळपासून डोंबिवलीपर्यंत या खोऱ्यातली अनेक कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून स्थायिक झालेली असल्यामुळे असा मामा सापडण्यास अडचण येत नाही, आणि मामाकडे भाकरी, अंथरूण व विजेचा प्लग या तीन गोष्टी मिळत असल्यामुळे बॉर्टल साहेबांचे मत बाजूला ठेवण्यास कोणाची हरकतही नसते.

भूगोलाने मात्र या मामांची घरे आकाशदर्शनाचा विचार करून बांधलेली नाहीत. सावित्री नदी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावून पोलादपूर आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीकडे जाते, आणि तिच्या काठची वस्ती सह्याद्रीच्या पायथ्याशी, डोंगरसोंडांच्या बेचक्यांत वसलेली आहे. आंबेनळी घाटाखालच्या किंवा ढवळे गावाकडच्या एखाद्या वाडीत पूर्वेचे क्षितिज दहा-पंधरा अंश वर उचललेले असते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते हे लक्षात घेतले, तर नियमाप्रमाणे उगवलेला तारा या वाडीला जवळजवळ तासभर उशिरा दिसतो. कोणत्याही ठिकाणी ध्रुवताऱ्याची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते, ही गोष्ट शाळेत एकदा शिकवली जाते आणि सहलीत दर वेळी नव्याने कळते. महाड साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे ध्रुव तेथे उत्तर क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर असतो. दक्षिणेकडे अगस्त्य, म्हणजे रात्रीच्या आकाशातला व्याधाच्या खालोखालचा तेजस्वी तारा, ऐन माथ्यावर आला तरी १९ अंशांच्या पलीकडे चढत नाही. परिणामी अढळपद मिळवलेला बाळ ध्रुव एका डोंगरामागे असतो आणि पुराणात विंध्याला नमते घ्यायला लावणाऱ्या अगस्त्य ऋषींना मामाच्या घरामागची टेकडी आडवी येते. दुर्बीणवाला मित्र अशा वेळी जिकडे टेकडी नाही तिकडचा एखादा तारा ध्रुव म्हणून घोषित करतो आणि रात्रभर त्याच्या आधाराने दिशा सांगतो. तो तारा दोन तासांत सरकून गेल्याचे कोणाच्या लक्षात आल्यास त्याला ‘अपवर्तन’ हा शब्द ऐकवला जातो.

स्थळ ठरल्यावर तिथीचा प्रश्न येतो, आणि येथे विज्ञान व नोकरी यांचा संघर्ष सुरू होतो. चंद्रप्रकाशात अंधूक तारे बुडून जातात, म्हणून अमावास्या हवी; दुसऱ्या दिवशी सुट्टी हवी, म्हणून शनिवार हवा. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा आणि आठवडा सात दिवसांचा असल्यामुळे अमावास्या नेमकी शनिवारी येण्याचे योग वर्षातून एखाद-दोनदाच येतात, त्यातही जून ते सप्टेंबर हे चार महिने कोकणातला पाऊस वर्ज्य करतो. अशा रीतीने निरीक्षण, गणित आणि रजेचा अर्ज यांच्या आधारे काटेकोरपणे काढलेला हा मुहूर्त म्हणजे पंचांगातली शनी-अमावास्या असते, ज्या दिवशी तेल, उडीद आणि मारुतीचे दर्शन यांपलीकडे कोणताही उपक्रम हाती घेऊ नये असे प्रत्येक सदस्याच्या आईचे ठाम मत असते. त्या रात्री घाट ओलांडून, आडरानात, माळावर झोपायला जायचे आहे असे घरी सांगण्याचे धैर्य ज्यांच्यात नसते ते कार्यालयाची सहल असल्याचे सांगतात. मराठी परंपरेला रात्री गच्चीवर जागणे मान्यच आहे, पण ते कोजागरीला, पूर्ण चंद्राखाली, आटीव दूध घेऊन. चंद्र मावळावा म्हणून जागणाऱ्यांची सोय धर्मशास्त्राने केलेली नाही.

ऋतूंची निवडही वाटते तितकी मोकळी नाही. आकाशगंगेचा सर्वांत दाट, छायाचित्रकारांना वेड लावणारा भाग धनू आणि वृश्चिक राशींच्या दिशेला आहे, आणि तो चैत्र-वैशाखात मध्यरात्रीनंतर आग्नेयेकडून वर येतो. नेमक्या याच दिवसांत खोऱ्यातले शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे पालापाचोळा, कवळ आणि शेण जमिनीवर पसरून जाळतात, आणि सड्यावरच्या वाळल्या गवतातून वणवेही फिरत असतात. त्यामुळे आकाशगंगेची पहिली छबी सदस्यांना बहुधा कांगोरीच्या, म्हणजे मंगळगडाच्या, बाजूच्या धुरात दिसते आणि तिला धूर म्हणून सोडून दिले जाते, तर खरा धूर आकाशगंगा म्हणून अर्धा तास टिपला जातो.

हे सर्व सोपस्कार करून मंडळी मुंबई-गोवा महामार्गाने येतात. या महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले, त्यामुळे त्याला आता ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत धरण्यास हरकत नाही. वाटेत बिरवाडीलगतच्या महाड औद्योगिक वसाहतीचा नारिंगी प्रकाश आकाशात चढलेला दिसतो. त्याकडे पाहून सर्वजण प्रकाशप्रदूषणाविषयी हळहळतात आणि गाडीचे मोठे दिवे लावून पुढे जातात. प्रकाशप्रदूषण म्हणजे माणसाने लावलेल्या दिव्यांचा उजेड गरज नसलेल्या दिशेला, मुख्यतः वर, सांडून आकाश उजळणे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक नकाशासंग्रहाप्रमाणे पृथ्वीवरील एक तृतीयांशाहून अधिक माणसांना राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही. या आकडेवारीचा सहलीच्या पहिल्या तासात अनेकदा उल्लेख होतो, बहुधा मोबाइलवर शोधून, आणि मोबाइलच्या पूर्ण उजेडात.

अंधाराला सरावणे ही एक शारीरिक क्रिया आहे. डोळ्याच्या पडद्यावरील दंडपेशींमध्ये एक द्रव्य असते. ते उजेडात विघटित होते आणि अंधारात पुन्हा तयार होण्यास वीस ते तीस मिनिटे घेते. पांढरा दिवा एकदा डोळ्यांवर पडला की ही मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात, आणि लाल उजेडाचा या पेशींवर फारसा परिणाम होत नसल्यामुळे जाणकार लाल बॅटरी वापरतात. मुरूड-दापोलीचे थोर ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३-१८९८) यांनी सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या ग्रंथाचे नाव ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ असे आहे. घटका म्हणजे २४ मिनिटे. म्हणजे दीक्षितांनी सुचवलेल्या ४८ मिनिटांपैकी निम्मा वेळ डोळे तयार होण्यात गेला तरी निम्मी मौज शिल्लक राहत असे. दीक्षितांच्या काळी गाडीचे दार उघडताच आत दिवा लागत नसे, किल्लीचे बटण दाबताच चारही बाजूंचे पिवळे दिवे डोळे मिचकावत नसत, आणि ‘पोचलात का?’ असा संदेश आल्याने कोणाच्याही खिशातून उजेड फाकत नसे. आधुनिक सहलीत एकविसाव्या मिनिटाला कोणाला तरी चार्जर सापडत नाही, आणि एकूण दहा तासांच्या रात्रीत सलग दोन घटका अंधार कोणत्याही डोळ्याला लाभत नाही. याहून मौजेची वस्तू म्हणजे नक्षत्रे ओळखून देणारे मोबाइल-अ‍ॅप. ते आकाशाकडे धरले की पडद्यावर ताऱ्याचे नाव उमटते, फक्त पडद्याच्या उजेडामुळे तो तारा दिसेनासा होतो. मग सदस्य पडद्यावरच्याच ताऱ्याकडे पाहून समाधान मानतात, जे त्यांना शहरात बसूनही करता आले असते.

या सहलीचा सर्वांत विचारार्ह भाग म्हणजे पाहुणे आणि गाव यांचे अंधाराविषयीचे परस्परविरोधी धोरण. पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीने रस्त्यावरच्या दिव्यांसाठी ग्रामपंचायतीकडे अनेक अर्ज केलेले असतात. पावसाळ्यात फुरसे पायात येऊ नये, म्हातारी माणसे बांधावरून पडू नयेत, इतकी साधी त्यामागची कारणे असतात. अखेर गावाचे मुंबई मंडळ, म्हणजे नोकरीनिमित्त मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांची संघटना, वर्गणी काढून देवळासमोर एक उंच खांब उभारते, त्यावर चार दिशांना चार झगझगीत एलईडी दिवे बसतात आणि खाली देणगीदारांच्या नावांची फरशी लागते. फरशीवरची नावे रात्रीही वाचता यावीत याला दिव्यांच्या ताकदीचा काही आधार असावा, असे मानण्यास जागा आहे. या दिव्यांचे उद्घाटन होऊन वर्ष झालेले नसते तोच पाहुणे येतात आणि ‘मामा, हे दिवे रात्रीपुरते बंद होतील का?’ असे विचारतात. मामाला हा प्रश्न समजायला वेळ लागतो. अंधारातून उजेडात जाण्यासाठी आपल्या पिढीने मुंबई गाठली आणि मुंबईतली पुढची पिढी अंधार मागायला परत आली, ही गोष्ट त्याच्या हिशेबात बसत नाही, तरी पाहुणा असल्यामुळे तो खांबाखालची पेटी उघडून खटका खाली ओढतो. पाच मिनिटांत सगळी वाडी ‘लाइट गेली का?’ असे एकमेकांना ओरडून विचारत हातात बॅटऱ्या घेऊन बाहेर येते आणि चार दिव्यांच्या जागी चाळीस दिवे होतात.

या प्रश्नाला उत्तर नाही असे नव्हे. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि त्यासाठी परिसरातल्या गावांमधले रस्त्यांवरचे दिवे जमिनीकडेच उजेड टाकतील अशा प्रकारचे बसवण्यात आले. दिवा बंद करण्याऐवजी त्याचे तोंड खाली करणे, एवढाच त्याचा गाभा आहे. त्यात पाय आणि तारे दोन्ही दिसतात. परंतु पेंचमध्ये वाघ असल्यामुळे प्रशासनाचे लक्ष होते, आणि पोलादपूरच्या देवळासमोरच्या खांबाचे तोंड खाली केल्यास मुंबई मंडळाच्या पुढच्या सभेत कोण काय बोलेल याचा अंदाज प्रशासनाला बांधता येत नाही.

पाहुणे अखेर गावापासून दूर, वरंध घाटाच्या किंवा कशेडीच्या बाजूच्या एखाद्या माळावर जातात, आणि तेथे नव्या गैरसमजाची सामग्री जमू लागते. या मुलखात तिकाटणे, म्हणजे कॅमेऱ्याची तीन पायांची घडवंची, दिवसा दिसले तर ती जमिनीची मोजणी समजली जाते. महामार्गाच्या भूसंपादनापासून तीन पायांच्या कोणत्याही उपकरणाकडे लोक आशेने आणि संशयाने सारख्याच प्रमाणात पाहतात. हेच तिकाटणे अमावास्येच्या मध्यरात्री दिसले तर त्याचा एकच अर्थ होऊ शकतो. रायगडाच्या आसपासच्या प्रदेशात गुप्तधनाच्या कथांना तोटा नाही, आणि त्या कथांतील साहित्याची यादी नभोछायाचित्रकाराच्या पिशवीशी तंतोतंत जुळते: तांबडा दिवा, होकायंत्र, सरबतासाठी आणलेली लिंबे, जमिनीवर आखलेल्या खुणा, आणि ‘रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू’ असे काहीतरी पुटपुटत आकाशाकडे हात करणारा एक दाढीवाला. दुरून येणाऱ्या माणसाने बॅटरी मारली की ‘उजेड करू नका!’ असा चार-पाच गळ्यांतून एकदम ओरडा होतो, आणि मग शंकेला जागाच उरत नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतर अशा बाबतीत गावे सावध झाली आहेत. तेव्हा थोड्याच वेळात पोलीस पाटील, त्यांच्यासोबत काठ्या घेतलेले चार तरुण आणि कुतूहलाने आलेली पंधरा मुले माळावर हजर होतात.

त्यानंतर घडणारा संवाद सर्वत्र सारखाच असतो. पोलीस पाटील विचारतात की येथे काय चालले आहे, आणि संयोजक सांगतो की आम्ही तारे बघतो आहोत. पाटील एकदा वर पाहतात, एकदा संयोजकाकडे पाहतात आणि म्हणतात, “तारे तर रोजच असतात.” या युक्तिवादाला खगोलशास्त्रात खंडन नाही. मग दुर्बीण दाखवली जाते, गुरूचे चार चंद्र पाटलांना दिसतात किंवा दिसल्याचे ते सौजन्याने मान्य करतात, मुले रांग लावतात, आणि याचे पैसे किती मिळतात हा प्रश्न निघतो. पैसे मिळत नाहीत, उलट कॅमेऱ्याला दीड लाख गेले, हे ऐकल्यावर पाटलांचा उरलासुरला संशय मावळून त्याची जागा करुणा घेते, आणि ते चहा पाठवण्याची व्यवस्था करतात. जाता जाता त्यांच्यासोबतचा एखादा वृद्ध शेतकरी सप्तर्षींकडे काठी करून ती म्हातारीची बाज आहे आणि मागचे तीन तारे म्हणजे बाज चोरायला आलेले चोर आहेत असे सांगतो, मृगाच्या पोटातला बाणही दाखवतो, आणि कोणते नक्षत्र किती वाजता डोंगराआड जाईल तेही सांगून टाकतो. दुर्बीणवाल्याने ध्रुव म्हणून नेमलेल्या ताऱ्याविषयी मात्र त्याला कोणी विचारत नाही.

माळावरचा आणखी एक विषय गंभीर आहे, आणि त्याबाबत महाडचे नाव वैद्यकीय जगात आदराने घेतले जाते. या भागातला लाल विंचू अतिशय विषारी असून उन्हाळ्याच्या रात्री तो दगडांखालून बाहेर पडतो. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७०च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी सुरू केली, दंश झालेल्या रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांची नोंद केली, आणि विषामुळे हृदयावर येणारा ताण प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीने उतरवता येतो हे दाखवून दिले. त्यांचे लेखन ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, शंभरातले सुमारे चाळीस रुग्ण दगावत तेथे मृत्यूचे प्रमाण एकाच्या आसपास आले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता योगायोग असा की विंचवांचा हा हंगाम आणि आकाशातल्या वृश्चिकाचा हंगाम एकच आहे. ज्येष्ठा नक्षत्राचा तांबूस तारा हृदयाच्या जागी ठेवून वाकडी नांगी दाखवणारी ही रास बारा राशींत नावाप्रमाणे दिसणारी जवळजवळ एकमेव, आणि ती नीट पाहावी म्हणून मंडळी नेमक्या दगडांवर सतरंजी अंथरतात. विंचवाचे कवच अतिनील किरणांत हिरवट-निळे चमकते, म्हणून हल्लीचे काही छायाचित्रकार त्यासाठी खास बॅटरी आणतात. ही बॅटरी प्रथम पेटवली जाते तो क्षण सहलीतील एकमेव क्षण होय जेव्हा एकही मान वर नसते. त्यानंतर वृश्चिक राशीचे उरलेले निरीक्षण गाडीच्या काचेतून होते.

ज्यांच्या हाती कॅमेरा असतो त्यांचे जग निराळे असते. अंधारात कॅमेऱ्याचे झडपद्वार पंधरा-वीस सेकंद उघडे ठेवावे लागते, म्हणजे भिंगातून येणारा थोडाथोडा प्रकाश साठत जातो. पण तेवढ्यात पृथ्वी फिरते आणि ठिपक्यांच्या रेघा होतात. यावर पाचशेचा नियम म्हणून एक ठोकताळा आहे: ५०० ला भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे, येईल तितके सेकंद झडप उघडी ठेवावी, २० मिलिमीटरच्या भिंगाला २५ सेकंद, आणि कॅमेऱ्याचा संवेदक लहान असेल तर त्याहून कमी. हा नियम पाठ असलेला मित्र आणि त्याचे भिंग किती मिलिमीटरचे आहे हे ठाऊक असलेला मित्र हे सहसा दोन वेगळे मित्र असतात. स्वयंचलित केंद्रीकरण अंधारात काम करत नाही, भिंगावरची अनंताची खूण अनंतावर नसते, आणि हे दोन्ही शोध पहाटे तीनच्या सुमारास, शंभरेक अस्पष्ट छायाचित्रे काढून झाल्यावर लागतात. तोवर कोकणातले दव काचेवर बसलेले असते, आणि ते पुसण्यासाठी वापरलेल्या रुमालाला दुपारच्या वडापावचे तेल असते.

चित्राला पुढे काहीतरी हवे, या सौंदर्यविषयक नियमाने सर्वाधिक अनर्थ केला आहे. नुसते तारे काढून चालत नाही; खाली लिंगाण्याचा सुळका हवा, रायगडाची कडा हवी, निदान एकाकी झाड हवे, आणि चंद्र टाळून आलेल्यांना कधी चंद्रगडही चालतो. यांपैकी काहीच हाताशी नसेल तर एका मित्राला कपाळाला दिवा बांधून, मान वर करून, जणू विश्वाचे कोडे आत्ताच सुटले अशा आविर्भावात उभे केले जाते. त्याने वीस सेकंद हलायचे नसते. वीस सेकंद हा कालावधी शांत बसलेल्या माणसाला क्षुल्लक वाटतो, पण डास, ओढ्याकडून आलेला कसलासा आवाज आणि ‘बिबट्या असतो का हो इकडे?’ हा कोणी तरी हळूच विचारलेला प्रश्न यांच्या संगतीत तो कोणत्याही सजीवाच्या सहनशक्तीबाहेर जातो. अशी छायाचित्रे विश्वाचा विचार करणाऱ्या त्रिमुखी आकृत्यांनी भरलेली असतात.

सहल हिवाळ्यात निघाली तर विंचू नसतात, पण पोपटी असते. वालाच्या शेंगा, कणसे आणि अंडी भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात कोंबून, मडके उपडे घालून, भोवती जाळ करून शिजवण्याचा हा रायगड जिल्ह्यातला प्रकार आकाशदर्शनाशी पूर्णपणे विसंगत आहे, कारण त्यात आग, धूर आणि आनंद या तिन्ही गोष्टी मोठ्या प्रमाणावर निर्माण होतात. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीच्या दिशेने होणारा उल्कावर्षाव वर्षातल्या सर्वोत्तम वर्षावांपैकी एक असतो, आणि त्याच थंडीत शेंगाही भरू लागतात. ज्या मंडळींनी दोन्हींचा एकत्र बेत आखला त्यांच्या वाट्याला उल्का फारशा आल्या नसाव्यात असे अनुमान काढण्यास, मडक्याभोवतीच्या माणसांची तोंडे कोणत्या दिशेला असतात हे पाहणे पुरेसे आहे.

शेवटी नुसत्या डोळ्यांना काय दिसते, हा नाजूक प्रश्न राहतो. चांगल्या काळोखात एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसू शकतात, आणि आकाशगंगा दिसते ती करड्या, पुसट पट्ट्यासारखी. अंधूक उजेडात माणसाच्या डोळ्याला रंग कळत नाहीत, त्यामुळे छायाचित्रांतली जांभळी-गुलाबी झळाळी प्रत्यक्षात नसते. पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका, म्हणजे ज्या प्रकाशाने निघताना पृथ्वीवर माणूस नावाची जात अस्तित्वात आली नव्हती तो प्रकाश, डोळ्याला कापसाच्या ठिपक्याएवढा दिसतो, आणि प्रथमच आलेला सदस्य ‘एवढंच?’ असे म्हणतो. त्याउलट एका सरळ रेषेत जाणारे स्टारलिंकचे उपग्रह, जे २०१९पासून आकाशात सोडले जात आहेत आणि ज्यांच्या रेघांनी खऱ्या खगोलशास्त्रज्ञांची छायाचित्रे खराब होतात, ते दिसताच माळावर टाळ्या वाजतात. टाळ्यांच्या बाबतीत दीर्घिकेचा क्रमांक पोपटीनंतर आणि गोव्याच्या विमानाच्या थोडा आधी लागतो.

उजाडल्यावर मंडळी मामाकडे पोहे खाऊन निघतात आणि उरलेले काम घरच्या संगणकावर होते. तेथे पंचवीस-तीस छायाचित्रे एकमेकांवर रचून कॅमेऱ्याचे दाणेदार डाग घालवले जातात, औद्योगिक वसाहतीचा नारिंगी उजेड पुसला जातो, आणि महाबळेश्वरच्या हॉटेलांची प्रभा क्षितिजावर तशीच ठेवून तिला राशिप्रकाश, म्हणजे सूर्याभोवतीच्या धुळीवरून परतलेला मंद प्रकाश, असे नाव दिले जाते. एका तिरप्या रेघेवरून ती उल्का की उपग्रह, हा वाद व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर तीन आठवडे चालतो. त्यापाठोपाठ डिझेल, टोल आणि दुर्बिणीचे भाडे यांचा हिशेब येतो, आणि जो सदस्य रात्री साडेअकराला माळावरच्या दगडाला टेकून, मान मागे टाकून, तोंड उघडे ठेवून सकाळपर्यंत झोपला तो दुर्बिणीच्या भाड्यातला आपला वाटा देण्यास नकार देतो. त्याचे म्हणणे रास्तच असते, पण संयोजक त्याला गटातले एकमेव नीट आलेले छायाचित्र पाठवतो, ज्यात वर धनू राशीतली आकाशगंगा आहे आणि खाली तिच्याकडे तोंड करून अथांग विस्मयाने बसलेली, पंचवीस सेकंदांत केसभरही न हललेली एक मानवी आकृती आहे. झोपलेला सदस्य ते छायाचित्र स्वतःचे प्रोफाइल चित्र म्हणून लावतो आणि पैसे भरून टाकतो.